व्हे की वाटाणा? प्रोटीन पावडरच्या निवडीचा हिशेब

प्रोटीन पावडर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुधाची घ्यायची की वनस्पतीची? जिममधला ट्रेनर ठासून सांगतो की व्हेशिवाय अंगावर काही चढणार नाही. प्लांट प्रोटीनच्या जाहिराती म्हणतात की दूध पोटाला जड, वाटाणा मात्र हलका, स्वच्छ आणि निसर्गाच्या जवळचा. घेणाऱ्याला वाटतं, आता या नाहीतर त्या पक्षात जायलाच हवं. माझ्या मते ही सीमारेषाच चुकीच्या जागी आखलेली आहे. ‘वनस्पतीजन्य’ या एका शिक्क्याखाली वाटाणा, सोयाबीन आणि तांदूळ अशी एकमेकांपासून फार वेगळी प्रथिनं येतात. तांदूळ आणि वाटाणा यांच्या प्रथिनांत जेवढं अंतर आहे, तेवढं वाटाणा आणि व्हे यांच्यातही नाही. दिवसभरात पुरेशी प्रथिनं पोटात जात असतील, तर व्हे आणि वाटाणा-सोया यांच्यात उरलेलं अंतर स्नायूंना फारसं जाणवत नाही. मग निवड ठरते ती आपली गरज, आपलं पोट, आपलं ताट आणि डब्यात खरोखर काय भरलं आहे, यांवर.

आधी या पावडरी तयार कशा होतात ते पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच सुटतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 80 टक्के केसीन असतं आणि 20 टक्के व्हे. चीज करताना दुधात रेनेट घातलं की केसीन घट्ट होऊन त्याचा गोळा जमतो आणि हिरवट-पिवळसर पाणी सुटतं. हे पाणी म्हणजे व्हे. श्रीखंडासाठी दही टांगल्यावर फडक्यातून गळणारं पाणी याच जातीचं, फक्त जास्त आंबट. एक किलो चीजमागे सुमारे नऊ लिटर पाणी उरतं आणि त्यात प्रथिनं एक टक्क्याहूनही कमी असतात. युरोप-अमेरिकेतले कारखाने पूर्वी ते डुकरांना पाजत, शेतात ओतत किंवा नदीनाल्यांत सोडत. नदीत गेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. 1970 च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून गाळण्याचं तंत्र डेअरी उद्योगात रुळलं आणि टाकाऊ पाण्याचा माल झाला. पडद्यावर प्रथिनं अडकतात; पाणी, लॅक्टोज ही दुधातली साखर आणि क्षार पलीकडे निघून जातात. उरलेला दाट द्रव गरम हवेत फवारून वाळवला की पावडर तयार. प्रथिनांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास असेल तर डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’ लिहितात, 90 टक्क्यांच्या घरात नेलं तर ‘आयसोलेट’. पुणे जिल्ह्यातल्या मंचरला पराग मिल्क फूड्सचा चीजचा कारखाना आहे आणि ही कंपनी व्हे पावडरही विकते. अमूलनेही व्हे बाजारात आणलं आहे. आयात केलेल्या डब्यांचं वलय अजून असलं, तरी हा माल आता आपल्याकडेही तयार होतो.

वाटाण्याची पावडर म्हणजे वाळवून दळलेला वाटाणा, अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. वाळलेल्या पिवळ्या वाटाण्यात प्रथिनं 20 ते 25 टक्केच असतात, बाकी मुख्यतः स्टार्च आणि तंतू. कारखान्यात वाटाणा सोलून दळतात आणि ते पीठ किंचित अल्कधर्मी पाण्यात कालवतात. प्रथिनं पाण्यात विरघळतात, स्टार्च आणि चोथा वेगळा काढता येतो. मग त्या पाण्यात आम्ल घालून त्याचा सामू साडेचारच्या आसपास आणला की प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी खाली बसतात. ती धुऊन वाळवली की 80 टक्के प्रथिनांची पावडर हाती येते. सोयाबीनचं आधी तेल काढून घेतात, मग उरलेल्या पेंडीवर अशीच प्रक्रिया करतात आणि प्रमाण 90 टक्क्यांपर्यंत जातं. तांदळातला स्टार्च विकरांनी विरघळवून काढतात आणि मागे राहिलेलं प्रथिन वाळवतात. म्हणजे व्हे असो की वाटाणा, दोन्ही कारखान्यात गाळून, धुऊन, वाळवून केलेले पदार्थ आहेत. ‘नैसर्गिक’ या शब्दावर कुणा एकाचा हक्क पोहोचत नाही आणि त्या शब्दाच्या आधारे निवड करण्यातही अर्थ नाही.

आता गुणवत्तेकडे येऊ. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आपल्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. एखाद्या प्रथिनाची प्रत ठरवताना दोन गोष्टी बघतात: ही नऊ आम्लं गरजेच्या प्रमाणात आहेत का आणि त्यांतली किती पचून अंगी लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, म्हणजे एफएओने, 2013 च्या अहवालात यासाठी ‘डायास’ नावाची मोजपट्टी सुचवली. लहान आतड्याच्या शेवटापर्यंत प्रत्येक आवश्यक आम्ल किती शोषलं गेलं ते पाहून ती गुण देते आणि ज्या आम्लाची सर्वाधिक कमतरता, त्याच्यावरून प्रथिनाचा गुण ठरतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांवर पचनाची मोजमापं घेऊन, लहान मुलांच्या गरजेच्या निकषावर हे गुण काढले होते. व्हे आयसोलेटला 1.09 मिळाले, सोया आयसोलेटला 0.90, वाटाण्याच्या कॉन्सन्ट्रेटला 0.82 आणि तांदळाच्या कॉन्सन्ट्रेटला 0.37. यादीत व्हे सर्वांत वर आहे, हे कबूल करायलाच हवं. पण वनस्पतींचं काय झालं ते बघा. सोया आणि वाटाणा व्हेच्या मागोमाग आहेत, तांदूळ मात्र खूप मागे राहिला. एकाच ‘प्लांट प्रोटीन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या दोन डब्यांमध्ये दुपटीहून मोठा फरक असू शकतो. म्हणून ‘दूध की वनस्पती’ हे विचारण्याआधी ‘कोणती वनस्पती’ हे विचारायला हवं. याच अभ्यासातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. शिजवलेल्या अख्ख्या वाटाण्याचा गुण 0.58 होता, म्हणजे कॉन्सन्ट्रेटहून कमी. पचनाच्या आड येणारा भाग प्रक्रियेत निघून गेल्याने प्रथिन जास्त अंगी लागतं. कडधान्याच्या पचनाबद्दलच्या तक्रारी पावडरीला जशाच्या तशा लावता येत नाहीत त्या यामुळे.

तांदूळ मागे का पडतो? त्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. प्रौढ माणसाच्या गरजेनुसार चांगल्या प्रथिनात दर ग्रॅममागे 45 मिलिग्रॅम लायसिन असावं, असं मानलं जातं. तांदूळ तिथपर्यंत पोचत नाही आणि ज्वारीत तर लायसिन त्याहूनही कमी. वाटाणा, हरभरा, तूर, मसूर यांत लायसिन भरपूर असतं, पण गंधक असलेलं मेथिओनिन कमी. धान्यांत नेमकं ते बऱ्यापैकी असतं. वरण-भात आणि पिठलं-भाकरी या जोड्यांचं पोषणशास्त्र एवढंच आहे: एकाची उणीव दुसरा भरून काढतो. चांगल्या प्लांट पावडरींमध्ये वाटाण्यात थोडं तांदळाचं प्रथिन मिसळतात ते याच कारणाने. यातून निवडीचा एक साधा नियम निघतो. ज्याच्या ताटात भाकरी, पोळी आणि भात हाच मोठा हिस्सा आहे, त्याने निव्वळ तांदळाच्या प्रथिनाची पावडर घेतली, तर ताटात जे कमी होतं तेच डब्यातही कमी आहे. त्याच माणसाने वाटाणा, सोया किंवा व्हे घेतलं, तर तिन्हींतून लायसिनची भर पडते. वाटाण्यातली मेथिओनिनची उणीव त्याची भाकरीच भरून काढते. दोन्ही गोष्टी एकाच घासात खाव्या लागत नाहीत, दिवसभराच्या जेवणात आल्या तरी पुरतं. ‘वनस्पतीचं प्रथिन अपूर्ण असतं’ हे वाक्य एकाच पदार्थावर जगणाऱ्यापुरतं खरं आहे आणि तसं कुणी जगत नाही.

स्नायूंचा विचार करताना ल्युसिन या अमिनो आम्लाचं नाव हमखास निघतं. व्यायामानंतर नवं स्नायूप्रथिन बांधायला शरीराला जो इशारा लागतो, त्यात ल्युसिनचा वाटा मोठा असतो. एका वेळच्या खाण्यातून अडीच ते तीन ग्रॅम ल्युसिन मिळावं, असं या विषयातले संशोधक साधारणपणे मानतात. व्हेच्या प्रथिनात ल्युसिन 10 ते 11 टक्के असतं, वाटाणा आणि सोयात 8 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे व्हेमधून 25 ग्रॅम प्रथिन घेतलं की अडीच ग्रॅमहून थोडं जास्त ल्युसिन मिळतं आणि वाटाण्यातून तेवढं मिळवायला 32-33 ग्रॅम प्रथिन लागतं. व्हेची खरी आघाडी इथे नेमकी दिसते: तोच परिणाम कमी मात्रेत. पण हा फरक मात्रेचा असल्याने मात्रा वाढवून तो भरून निघतो. वाटाण्याचा स्कूप सव्वापट केला की दोघांतलं अंतर जवळपास मिटतं. जादा पावडरीचा खर्च आणि थोड्या जास्त कॅलरी एवढीच त्याची किंमत.

हे तर्काला पटतं, पण प्रत्यक्ष माणसांत दिसतं का? फ्रान्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 161 तरुणांना 12 आठवडे वजनाचा व्यायाम दिला आणि रोज दोन वेळा 25-25 ग्रॅम वाटाण्याचं प्रथिन, व्हे किंवा प्रथिन नसलेली पावडर दिली. दंडाच्या स्नायूची जाडी मोजली तेव्हा वाटाणा आणि व्हे यांच्यात ठोस फरक आढळला नाही. 2013 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात तर तांदळाचं प्रथिनही, 48 ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत दिल्यावर, आठ आठवड्यांत व्हेच्या बरोबरीला आलं. मात्रा वाढवली की प्रतीची उणीव झाकली जाते, याचं ते चांगलं उदाहरण. सर्वांत बोलका अभ्यास ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाचा आहे, 2021 चा. 38 तरुणांपैकी निम्मे पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणारे, निम्मे मिश्राहारी. पहिल्यांना सोया आणि दुसऱ्यांना व्हे देऊन दोन्ही गटांची दिवसाची प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमवर आणली. 12 आठवड्यांच्या पायांच्या व्यायामानंतर स्नायू आणि ताकद दोन्हींत वाढ झाली आणि गटागटांत फरक दिसला नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की 2009 च्या एका प्रसिद्ध कॅनेडियन प्रयोगात व्यायामानंतर व्हे घेतलेल्यांच्या स्नायूप्रथिनाची बांधणी सोया घेतलेल्यांपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त वेगाने झाली होती. ती मोजणी बरोबर आहे. पण ती व्यायामानंतरच्या काही तासांची, एका मात्रेपुरती होती. स्नायू महिन्यांच्या हिशेबाने वाढतो आणि त्या काळात माणूस तीन-चार वेळा जेवतो, झोपतो, परत व्यायाम करतो. काही तासांतली आघाडी 12 आठवड्यांनंतर शिल्लक राहते का, हा खरा प्रश्न आहे आणि एकूण प्रथिनं पुरेशी असताना ती राहिल्याचं वरच्या प्रयोगांत दिसलं नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. फ्रान्सच्या प्रयोगात वाटाण्याचं प्रथिन बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता. हा मुद्दा रास्त आहे आणि अशा एकाच अभ्यासावर मी भिस्त ठेवणार नाही. पण वेगळ्या देशात, वेगळ्या वनस्पतीवर, वेगळ्या गटाने केलेली मोजणीही त्याच दिशेने जाते, तेव्हा तो निष्कर्ष अधिक विश्वासाचा होतो. या क्षेत्रातल्या संशोधनाला डेअरी उद्योगाचाही पैसा लागलेला आहे, हेही लक्षात ठेवावं. तिसरा आक्षेप सोयाबीनबद्दल: त्यातल्या आयसोफ्लेव्होन या द्रव्यांमुळे पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, ही भीती. 2010 आणि 2021 मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले आणि दोन्ही वेळा तसा परिणाम आढळला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं.

मग व्हेचं पारडं जड होतं कुठे? जिथे खाणंच कमी आहे तिथे. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनाला स्नायू पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून निरोगी ज्येष्ठांना दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2013 मध्ये सांगितलं. याच वयात भूक मंदावते, दात साथ देत नाहीत, उसळ आणि भाकरी चावायला जड जाते. मोठ्या आजारातून उठलेल्याचंही तसंच. अशा माणसाला सव्वापट स्कूप घ्यायला सांगणं सोपं नसतं. थोड्या मात्रेत जास्त ल्युसिन देणारं, ताकात किंवा दुधात सहज मिसळणारं व्हे इथे खरोखर उपयोगी पडतं. भरपेट जेवणाऱ्या 25 वर्षांच्या तरुणासाठी व्हेचा आग्रह धरणारे आणि 75 वर्षांच्या आजींचा विचारही न करणारे या प्रथिनाचा खरा उपयोग विसरतात.

पोटाचा प्रश्न याच्या उलट बाजूने येतो. भारतात मोठेपणी लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांची संख्या मोठी आहे. उत्तरेपेक्षा दक्षिणेत जास्त. त्यामुळे व्हेने पोट फुगतं, गुडगुडतं, ही तक्रार खोटी नसते. पण तिचं मोजमाप करून बघावं. पाव लिटर दुधात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असतं. व्हे कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये ते साधारण एक-दोन ग्रॅम असतं आणि आयसोलेटमध्ये नाममात्र. ज्याला कपभर दूध पचतं, त्याला लॅक्टोजमुळे व्हे सोसवणार नाही, असं होण्याची शक्यता कमी आहे. तक्रार तरीही येत असेल तर पावडरीतले कृत्रिम गोडवे आणि दाटपणासाठी घातलेले डिंक तपासावेत. ते प्लांट पावडरींतही असतात. दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आयसोलेटही चालत नाही आणि वनस्पतीचाच रस्ता धरावा लागतो. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांसाठी रेनेटचाही मुद्दा आहे. पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. 1990 मध्ये अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या मुख्य विकराला, मान्यता दिली आणि तेव्हापासून त्याचा वापर जगभर पसरला. तरी आयात व्हे घेताना हिरवा ठिपका पाहून घ्यावा. जनावरांचा वापरच नको, ही ज्याची भूमिका आहे, त्याला वरच्या गुणांच्या यादीने काही सांगण्याची गरज नाही. वाटाणा आणि सोया स्नायूंसाठी पुरेसे आहेत, एवढं त्याला माहीत असलं म्हणजे झालं.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न मात्र वेगळा आहे: पावडर हवी आहे का? आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलोमागे 0.83 ग्रॅम चांगल्या प्रतीचं प्रथिन लागतं. धान्यावर मदार असलेल्या आहारात ते 1 ग्रॅम धरावं. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ते 60 ग्रॅम. आता साधं मराठी ताट मोजू. ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून साधारण 18 ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, मटकीच्या उसळीतून आठ, मोठ्या पेलाभर दुधातून आठ, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि थोड्या भातातून तीन-चार. बेरीज 50 च्या वर जाते. हे ताट पोटभर आणि रोज मिळणाऱ्याला पावडरीची गरज नाही. प्रश्न आहे तो वरण पातळ, उसळ कधीतरी आणि भात-पोळीचा डोंगर अशा ताटाचा. तिथे पहिला उपाय उसळ रोजची करण्याचा. आयसीएमआरच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेने तर नियमितपणे मोठ्या प्रमाणात प्रोटीन पावडर घेऊ नये असंच सांगितलं आहे. त्यात घातलेली साखर, गोडवे आणि स्वाद यांकडेही तिने लक्ष वेधलं आहे. जो नेमाने वजन उचलतो त्याची गरज वाढते, हे खरं. 49 अभ्यास आणि 1,863 माणसांचा 2018 चा एकत्रित आढावा सांगतो की दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅमच्या पुढे प्रथिनं वाढवून स्नायूंना जादा फायदा मिळत नाही. पूरक प्रथिनांमुळे झालेली सरासरी भर सुमारे 300 ग्रॅमची होती. बाकी सगळं काम व्यायामाचं. 60 किलोच्या व्यायामपटूला या हिशेबाने रोज 96 ग्रॅम लागतील. ताटातले 50 वजा जाता उरलेल्या 46 पैकी 26 ग्रॅम 50 ग्रॅम सोया चंक्समधून येतात आणि 18 ग्रॅम 100 ग्रॅम पनीरमधून. ज्याला हे खाणं रोज जमत नाही, त्याने एखादा स्कूप घ्यावा. ती सोय आहे आणि सोय म्हणून ती रास्त आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही पावडर घेऊ नये, मग ती दुधाची असो की वाटाण्याची.

माझ्या मते या विषयातला सर्वांत गंभीर भाग डब्याच्या आत आहे. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रथिन थेट मोजत नाही. ती नमुन्यातला नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 सारख्या आकड्याने गुणते, कारण प्रथिनात साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कुठून आला हे त्या चाचणीला कळत नाही. चीनमध्ये 2008 साली याच फटीतून दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली आणि सहा दगावली. पावडरींच्या धंद्यात ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्यं मिसळून आकडा फुगवण्याची युक्ती चालते. ती विषारी नसतात, पण स्नायू बांधायला पुरेशीही नसतात. 2024 मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 25 डब्यांवर प्रथिनांचं प्रमाण चुकीचं छापलेलं होतं, काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंश सापडले. अशा बाजारात 0.82 आणि 1.09 यांच्यातल्या फरकावर वाद घालणं म्हणजे वजनकाटाच खोटा असताना भावावरून घासाघीस करण्यासारखं आहे.

जड धातूंच्या बाबतीत मात्र वनस्पतींची बाजू स्पष्टपणे कमकुवत आहे आणि प्लांट पावडर घेणाऱ्याने ते जाणून घ्यावं. झाड मुळांवाटे मातीतलं शिसं आणि कॅडमियम घेतं, पाण्यात उभं राहणारं भाताचं पीक आर्सेनिकही घेतं. गाईच्या शरीरातून दुधात यातलं फार थोडं उतरतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने 2025 मध्ये 23 पावडरी आणि शेक तपासले, तेव्हा वनस्पतीजन्य मालातलं शिसं डेअरीच्या मालाच्या सरासरी नऊपट निघालं. याचा अर्थ एका स्कूपने विषबाधा होते असा नाही. शिसं शरीरात साठत जातं, म्हणून वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याने सावध राहावं. कोकोमध्येही कॅडमियम आणि शिसं येतं, तेव्हा चॉकलेट स्वादाऐवजी साधा स्वाद घेणं शहाणपणाचं. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी तर अशा पावडरींपासून दूरच राहिलेलं बरं.

डबा हातात घेतल्यावर काय बघायचं ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका किलोच्या डब्यावर 33 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 24 ग्रॅम प्रथिन लिहिलं आहे आणि किंमत 3,000 रुपये आहे. दुसऱ्यावर 35 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 21 ग्रॅम, किंमत 2,700. पहिल्यात प्रथिन 73 टक्के, म्हणजे डब्यात 727 ग्रॅम. दर ग्रॅम सुमारे चार रुपये तेरा पैसे. दुसऱ्यात 60 टक्के, म्हणजे 600 ग्रॅम. दर ग्रॅम साडेचार रुपये. स्वस्त दिसणारा डबा महाग निघाला. दुसरा डबा वाटाण्याचा असेल, तर ल्युसिनसाठी घ्यावा लागणारा जादा हिस्साही हिशेबात धरा. मग घटकांची यादी वाचा. वजनाने जास्त असलेला घटक आधी येतो. यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं असेल तर डबा परत ठेवा. अमिनो आम्लांचा तक्ता असेल तर व्हेच्या 24 ग्रॅम प्रथिनामागे ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास आहे का ते पाहा. दीड ग्रॅम दिसलं तर आकड्यांत गडबड आहे. प्लांट पावडरीवर कोणती वनस्पती किती, हे लिहिलेलं नसेल आणि नुसतं ‘प्लांट ब्लेंड’ असेल, तर त्यात तांदळाचा भरणा किती आहे ते तुम्हाला कळणार नाही. एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असायलाच हवा, पण तो त्या विशिष्ट डब्याच्या शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हे. शुद्धतेचा पुरावा म्हणजे तुमच्या हातातल्या बॅचचा त्रयस्थ प्रयोगशाळेतला अहवाल.

म्हणून निवडीचा क्रम मी असा लावेन. आधी आठवडाभराचं ताट मोजावं आणि तूट आहे का ते बघावं. तूट असेल तर ती डाळ, उसळ, दूध, अंडी, सोया चंक्स यांनी भरावी. सोया चंक्समधलं प्रथिन कोणत्याही पावडरीपेक्षा कित्येक पटींनी स्वस्त पडतं. तरीही कमी पडलं तर पावडर घ्यावी. वय जास्त, भूक कमी आणि दूध सोसतं, अशा माणसाने व्हे घ्यावं. दूध नको असेल किंवा चालत नसेल, तर वाटाणा किंवा सोया घेऊन स्कूप थोडा मोठा करावा, निव्वळ तांदूळ टाळावा. या दोघांपैकी कोणतंही घेतलं तरी स्नायूंचं नुकसान होणार नाही. नुकसान होतं ते खोट्या लेबलामुळे, आणि ते व्हेवाल्याचंही होतं, वाटाणेवाल्याचंही. प्रत्येक बॅचचा प्रथिनांचा, अमिनो आम्लांचा आणि जड धातूंचा अहवाल डब्यावरच्या कोडवरून कुणालाही पाहता यावा, ही अट कायद्याने घातली पाहिजे. तोवर ग्राहकाने तो अहवाल मागावा आणि जी कंपनी देणार नाही तिचा डबा घेऊ नये.